नाणं वाजवून घ्या म्हणता, तर वाजवू तरी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी मागते, पण दोन ओळीत मावणारी गोष्ट नाहीये. मी साताऱ्यात राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते आणि गेली पंचवीस तीस वर्षं जुनी नाणी जमवते. पुण्यात मध्यंतरी जे नाणी, नोटा आणि पोस्टाच्या तिकिटांचं प्रदर्शन झालं त्याला मी माझ्या लेकीला घेऊन गेले होते, तिथे जे झालं ते लिहायचंय. प्रदर्शनाचं आणि विक्रेत्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रकार एका स्टॉलपुरता नाही आणि नाव दिलं की सगळी चर्चा त्या एकाच माणसावर येऊन थांबते.

आधी थोडं घरचं सांगते. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. रोज रात्री ड्युटीवरून आले की कातडी बॅगेतली चिल्लर जमिनीवर पसरून हिशोब करायचे आणि त्यात एखादा नया पैसा, एखादं पिवळं कमळाचं वीस पैशाचं नाणं सापडलं की तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून भरून ते नाणं बाजूला ठेवायचे. 1957 च्या एप्रिलमध्ये आणे जाऊन पैसे आले आणि 1964 पर्यंत नाण्यावर 'नया पैसा' असं लिहून यायचं हे मला शाळेत नाही, त्या जमिनीवरच्या ढिगात कळलं. आजीच्या गळ्यात राणीच्या रुपयांची माळ होती, ती मोडली तेव्हा तिच्यातले सहा रुपये वडिलांनी ठेवून घेतले, प्रत्येकाला वर कडीचा टाका होता. तो टाका असलेलं नाणं बाजारात कमी किमतीला जातं हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावरही काही वाटलं नाही, आजीचं होतं ते. पण हा टाक्याचा मुद्दा पुढे परत येणार आहे म्हणून सांगितला.

माझी लेक आठवीत आहे. चौथीत इतिहासाला शिवाजी महाराज आल्यापासून तिला शिवराई पाहिजे होती. 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी स्वतःची नाणी पाडली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. होन आपल्यासारख्यांनी काचेआडच बघायचा. पण शिवराई पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं लोकांच्या कनवटीला होती, खूप पाडली गेली, त्यामुळे ती आजही सामान्य माणसाला घेता येते. तिने दिवाळीचे, वाढदिवसाचे, मामाने दिलेले असे पैसे साठवले, दोन हजारच्या वर झाले होते. मी तिला सांगितलं की गावात कुणाकडून घेण्यापेक्षा प्रदर्शनात घेऊ, तिथे चार जाणकार असतात, चार दुकानं असतात, बघून पारखून घेता येईल. हे मी सांगितलं होतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी प्रदर्शनावर.

सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही स्वारगेटला उतरलो. हॉलमध्ये ही गर्दी. एका बाजूला संग्राहकांच्या फ्रेम लावलेल्या, त्या खरंच सुंदर होत्या, एका गृहस्थांनी फक्त मराठा काळातल्या टांकसाळींचे रुपये लावले होते आणि येईल त्या पोराला खाली वाकून समजावून सांगत होते. पण त्या फ्रेमसमोर दहा माणसं आणि विक्रीच्या स्टॉलवर दोनशे. स्टॉलवर पहिली गोष्ट खटकली ती ही की कुठल्याच नाण्यावर किंमत नाही. विचारलं की माणूस आधी आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि मग आकडा सांगतो. मी एका ठिकाणी 1862 चा व्हिक्टोरिया राणीचा रुपया विचारला तर मला बावीसशे सांगितले, माझ्या मागे एक टाय लावलेले गृहस्थ उभे होते त्यांना त्याच ताटातल्या तसल्याच रुपयाचे साडेतीन हजार. 1862 चा रुपया दुर्मीळ नाही हो, ती तारीख तशीच ठेवून पुढे बरीच वर्षं रुपये पाडले गेले, ठिपके बघून वर्ष ओळखावं लागतं. हे विक्रेत्याला माहीत असतंच. पण "दीडशे वर्षं जुना, परत मिळणार नाही" हे वाक्य मी त्या दिवशी सात आठ स्टॉलवर ऐकलं असेल.

त्यातला एक रुपया मी हातात घेतला, चकचकीत, आरशासारखा. काठावर बोट फिरवलं तर वरच्या बाजूला किंचित सपाट लागलं. माळेतला रुपया होता तो, कडी काढून, टाका घासून, पॉलिश मारून ठेवलेला, आणि पाकिटावर इंग्रजीत लिहिलेलं की कधी वापरातच न आलेलं नाणं. आजीचे सहा रुपये मी इतक्या वेळा हाताळलेत की ती जागा मला अंधारात पण कळेल. मी म्हणलं, "दादा, हा माळेतला आहे, इथे टाका होता." तर म्हणाले, "ताई, घ्यायचं असेल तर घ्या, हात लावून खराब करू नका." माझ्या पर्समध्ये छोटा वजनकाटा होता, सोनाराकडे असतो तसला, मी नेहमी जवळ ठेवते. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया 11.66 ग्रॅम भरतो, म्हणजे जुना एक तोळा, आणि त्यात सुमारे 92 टक्के चांदी असते, 1940 पासून ती निम्म्यावर आली. वापरून झिजला तर थोडा कमी भरेल पण एकदम ग्रॅमभर कमी भरला तर गडबड आहे हे समजतं. मी काटा काढला तर त्यांनी नाणं माझ्या हातातून काढूनच घेतलं. "एवढा विश्वास नसेल तर घेऊ नका मॅडम, आमची तीस वर्षांची लाइन आहे." आपल्या भाषेत कुठलीही गोष्ट वाजवून घ्या म्हणतात ते कशावरून आलंय, तर बाजारात नाणं दगडावर वाजवून घ्यायची रीतच होती, खरा रुपया खणखणीत वाजतो. आणि नाण्यांच्याच प्रदर्शनात नाणं वजन करू देत नाहीत, वाजवू देत नाहीत, भिंगातून दोन मिनिटं बघू देत नाहीत, मागे गर्दी आहे पुढे चला म्हणतात.

आता शिवराईचं सांगते. लेक तोपर्यंत सगळे स्टॉल हिंडून आली होती आणि एका ठिकाणी थांबली होती, तिथे ताटात पंधरा वीस शिवराया होत्या. विक्रेते बाहेरच्या राज्यातले होते पण मराठी छान बोलत होते, तिला बेटा बेटा म्हणत होते, महाराजांच्या गोष्टी सांगत होते, मला पण बरं वाटलं. अठराशे सांगून पंधराशेला दिली. मी बघितली, अक्षरं ठळक होती, 'श्री राजा' पूर्ण आणि 'शिव' काठात अर्धं गेलेलं, रंग हिरवट काळा. शिवराईचं वजन एकसारखं नसतं, वेगवेगळ्या काळात वेगवेगळं आहे, त्यामुळे तिथे काट्याचा उपयोग कमी. माझा अभ्यास ब्रिटिश नाण्यांचा, मराठा नाण्यातलं मला कमी कळतं हे मान्य, पण मला शंकाही आली नाही कारण मी आधीच्या स्टॉलवरच्या बोलण्याने डिस्टर्ब झाले होते आणि हा माणूस गोड बोलत होता. बिल मागितलं तर म्हणाले बिलबुक संपलंय, कार्ड ठेवा, काही लागलं तर फोन करा. कार्डावर नाव आणि मोबाइल नंबर, पत्ता नाही. पोरीने पंधराशे रुपये स्वतः मोजून दिले. पन्नास आणि शंभरच्या नोटा होत्या सगळ्या.

घरी आल्यावर आठ दिवसांनी तिला इथल्या एका निवृत्त सरांकडे घेऊन गेले, त्यांनी आयुष्यभर मराठा नाणी जमवलीत. त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लेकीलाच भिंग दिलं आणि म्हणाले, बघ तुला काय दिसतंय. तिला अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत बारीक बारीक खड्डे दिसले, टाचणीच्या टोकाएवढे. सर म्हणाले ठशाने हातोडा मारून पाडलेल्या नाण्यात असे बुडबुडे येत नाहीत, ओतलेल्या नाण्यात येतात. मग काठ बघितला, सगळीकडून कानशीने घासलेला, म्हणजे साच्याच्या दोन भागांची रेघ घालवलेली. वरचा हिरवा रंग पण केमिकलचा, ओल्या कापसाने थोडा निघाला. तरी मी म्हणत होते की सर बघा परत एकदा.

तेव्हा लेकीने मोबाइल काढला. तिने त्या दिवशी सगळ्या ताटाचा फोटो काढला होता, मैत्रिणीला दाखवायला. तो मोठा करून बघितला तर त्या ताटात आणखी चार शिवराया अगदी हिच्यासारख्या. नुसती अक्षरं सारखी असती तर एकाच ठशाच्या आहेत म्हणता आलं असतं. पण 'शिव' पाचही नाण्यात तेवढंच कापलेलं, आणि डाव्या काठाला जी लहानशी खोच होती ती पाचही नाण्यांना त्याच जागी. हाताने पाडलेल्या नाण्याला खोच पडते ती ज्याची त्याची वेगळी, तिची नक्कल होत नाही. एका खऱ्या शिवराईचा साचा करून ही सगळी ओतली होती. हे तेरा वर्षांच्या मुलीने शोधून काढलं, आणि शोधून काढल्यावर सरांसमोर रडली नाही, रस्त्यात रडली. म्हणाली, "आई, ते काका मला महाराजांची गोष्ट सांगत होते गं."

पंधराशे रुपयांचं मला वाईट वाटतं पण ते एवढं नाही. महाराजांचं नाव घेऊन लहान मुलीला ओतीव तांबं दिलं याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

मी फोन केला. पहिल्या दिवशी उचलला, म्हणाले आम्ही पण घेतलं तसंच विकलं, जुन्या नाण्याची गॅरंटी नसते, कुणीच देत नाही. दुसऱ्यांदा फोटो पाठवला तर निळी खूण आली आणि नंतर नंबर ब्लॉक. आयोजकांना फोन केला तर ते अतिशय सभ्यपणे म्हणाले की मॅडम आम्ही फक्त हॉल आणि टेबलं देतो, देवाणघेवाण ज्याची त्याने बघायची, तसा बोर्ड लावला होता. बोर्ड होता, मी नंतर फोटोत बघितला, प्रवेशद्वाराच्या आतल्या बाजूला ए फोर कागदावर. आणि बाहेर दहा फुटी बॅनरवर लिहिलं होतं की अस्सल दुर्मीळ नाण्यांचा खजिना, विद्यार्थ्यांसाठी सुवर्णसंधी. मला सांगा, माणसाने कुठल्या कागदावर विश्वास ठेवायचा.

मी मग आमच्या पतसंस्थेच्या वकिलांना विचारलं, त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांना कळावं म्हणून लिहिते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर तीस दिवसांच्या आत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं हे पण त्यातच येतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे पुण्यात घेतलं तरी मी साताऱ्यात करू शकते, आणि पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. 1915 वर फोन करून पण तक्रार नोंदवता येते. दुसरी गोष्ट, 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे जो माणूस म्हणतो की माझ्याकडे महाराजांच्या काळातली अस्सल शिवराई आहे त्याने परवाना दाखवायला पाहिजे, आणि ती अस्सल नाही म्हणत असेल तर ती अस्सल म्हणून विकली कशी. सगळ्या हॉलमध्ये मला एकाही टेबलावर परवाना लावलेला दिसला नाही. असेल कुणाकडे, नाही म्हणत नाही, पण लावला नव्हता.

पण तक्रार करायची तर कुणाविरुद्ध, पत्ता नाही, बिल नाही, नावही खरं का खोटं माहीत नाही. इथेच सगळं अडतं आणि म्हणून मी हे विक्रेत्यापेक्षा आयोजकांना उद्देशून लिहितेय. टेबलाचं भाडं तुम्ही घेता ना, तर भाडं घेताना त्या माणसाचं ओळखपत्र आणि पत्ता घेतलाच असेल. तो ग्राहकाला का देत नाही?

त्या दिवशी आणखी काय काय विकलं जात होतं ते पण सांगते. रामदरबाराचं चित्र असलेलं, खाली ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818 लिहिलेलं नाणं तीन स्टॉलवर होतं, एका ठिकाणी पाच हजार. कंपनीने असलं नाणं कधी काढलंच नाही, ही मागाहून तयार केलेली पदकं आहेत, देवघरात ठेवायला कुणी घेत असेल तर जरूर घ्यावीत पण पन्नास शंभर रुपयाला आणि पदक म्हणून. एक आजोबा ते घेत होते, नातवाच्या नावाने ठेवणार म्हणत होते, मी मध्ये बोलले तर विक्रेता माझ्यावरच ओरडला की तुमचं दुकान आहे का इथे. आजोबांनी घेतलं. 2012 चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आणि 1999 चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, ही दोन्ही चलनात आलेली साधी नाणी, माझ्याकडे पतसंस्थेच्या काउंटरवर आलेली दोन्ही आहेत, तिथे पाचशे आणि आठशे. नंबरच्या शेवटी 786 असलेल्या नोटा तर विचारू नका. अशी नाणी नोटा लाखात विकली जातात म्हणून मोबाइलवर जे मेसेज फिरतात त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना सावध केलं होतं की आमच्या नावाने कमिशन मागतात त्यांना भुलू नका. मेसेज पाठवणारा लांब कुठेतरी असतो, हे लोक तर बॅनरखाली बसून विकत होते.

1911 चा पंचम जॉर्जचा रुपया पण बघितला. याची गोष्ट मजेशीर आहे, राजाच्या झग्यावरच्या माळेत हत्ती आहे पण त्याची सोंड इतकी आखूड कोरली की लोकांना ते डुक्कर वाटलं, गडबड झाली, बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले आणि 1912 पासून हत्ती नीट केला. त्यामुळे 1911 चा रुपया महाग असतो, आणि महाग असतो म्हणून खोटाही भरपूर निघतो. तिथल्या रुपयावर मला हत्तीची सोंड चांगली लांब दिसली, म्हणजे पुढच्या सालाचा रुपया घेऊन आकडा बदललेला. मी काही बोलले नाही. त्या वेळेपर्यंत मी दमले होते. आता वाटतं बोलायला पाहिजे होतं, माझ्यानंतर कुणीतरी तो घेतला असेल.

तिकिटांच्या बाजूला मला काही कळत नाही, तिकडे माझी मैत्रीण गेली होती, तिचं म्हणणं एवढंच की पाकिटात वरचं तिकीट चांगलं आणि आतली फाटकी. अल्बम विकणाऱ्यांबद्दल मात्र सांगते. प्लॅस्टिकची पानं घेताना ती पीव्हीसीची आहेत का विचारा, पीव्हीसीच्या पानात तांब्याची नाणी काही वर्षांनी हिरवी चिकट होतात, माझ्या वडिलांची चाळीस नाणी तशी गेलीत. विचारलं तर विक्रेत्याला पीव्हीसी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

सगळे तसे नसतात हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. कोपऱ्यात कोल्हापूरकडचे एक वयस्क काका बसले होते, टेबल छोटं, गर्दी नाही. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलने किंमत, वजन, साल लिहिलेलं. मी कंपनीचा 1835 चा पाव आणा उचलला तर म्हणाले, "हा धुतलेला आहे बाई, चकाकतोय त्यावर जाऊ नका, दुसरा मळकट आहे तो घ्या, साठ रुपयाला." स्वतःचं भिंग पुढे केलं, स्वतःचा काटा पुढे केला. बिलावर लिहिलं, पाव आणा, 1835, तांबं, अस्सल, आणि खाली सही, पत्ता, आणि वर म्हणाले कुणी खोटा म्हणालं तर मी जिवंत असेपर्यंत परत आणा. त्या साठ रुपयाच्या बिलाची किंमत मला तेव्हा कळली नाही. मी शिवराई आधीच घेऊन बसले होते. त्यांच्याकडे पण दोन शिवराया होत्या, झिजलेल्या, अक्षरं अर्धी, सहाशे आणि सातशेला, लेकीने बघून ठेवून दिल्या कारण तिची जास्त ठळक होती ना.

आणि नुकसान शेवटी या काकांचंच होतंय. माझ्या ओळखीच्या तीन जणांनी प्रदर्शनात जाणं सोडलंय, एकाने जमवणंच सोडलं. ठळक खोटं नाणं पंधराशेला आणि झिजलेलं खरं सहाशेला शेजारी शेजारी ठेवलं की नवीन माणूस कुठे जाणार? तो ठळक घेणार, फसणार, आणि परत येणार नाही, तो काकांकडेही येणार नाही. छंदाला नवीन पोरं येत नाहीत म्हणून जुने संग्राहक दरवर्षी भाषणात खंत करतात. पोरं येतात हो, त्या दिवशी शाळेच्या दोन बस आल्या होत्या मी डोळ्याने बघितल्या, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, हातात पन्नासची नोट. एका स्टॉलवर दहा रुपयाला एक परदेशी नाणं असा मोठा टब होता, तिथे ती पोरं कोपरापर्यंत हात घालून शोधत होती, कुणाला केनिया सापडलं कुणाला पोलंड, काय आनंद होता. तेवढा एक टब मला सगळ्या हॉलमध्ये खरा वाटला.

आता मागणं. कुठल्याही आयोजकाला अवघड जाईल असं काही मागत नाहीये. ज्या संस्थेचं प्रदर्शन आहे तिच्याच चार जुन्या सभासदांनी एक टेबल मांडावं, त्यावर एक चांगला काटा, एक भिंग, एक लोहचुंबक, आणि कुणीही घेतलेलं नाणं तिथे आणून दाखवावं, शक्यतो पैसे द्यायच्या आधी. सर आमच्या साताऱ्याचे म्हणाले मी तिन्ही दिवस येऊन बसतो, मला जेवण पण नको. प्रत्येक स्टॉलवर नाव, पत्ता, परवाना असेल तर परवाना, टांगलेला पाहिजे. प्रत्येक नाण्यावर किंमत. आणि बिलावर नुसतं 'नाणं, 1 नग' असं नको, काय नाणं, कुठल्या धातूचं, कुठल्या काळातलं आणि अस्सल का प्रतिकृती हा शब्द लिहिलेला पाहिजे, कारण तो शब्द लिहायचा म्हणलं की निम्म्या लोकांचं पेन थांबेल. प्रतिकृती विकायला माझा काही विरोध नाही, होनाची प्रतिकृती शाळेत दाखवायला किती चांगली, पण ती तशी म्हणून विका. अमेरिकेत 1973 साली यासाठी वेगळा कायदा झाला, नकली नाणं विकायचं तर त्याच्यावरच 'कॉपी' असा शब्द उठवावा लागतो. आपल्याकडे कायद्याची वाट कशाला बघायची, हॉल तुमचा, टेबल तुमचं, नियम करायला एक मीटिंग पुरे. आणि स्टॉलवाल्याकडून भाड्याबरोबर अनामत रक्कम घ्या, प्रदर्शन संपल्यावर तीस दिवसांनी परत करा, मधल्या काळात कुणाची तक्रार खरी निघाली तर त्यातून ग्राहकाचे पैसे द्या. लग्नाच्या हॉलवाले वाटीचमच्यासाठी अनामत घेतात.

काही विक्रेते हे वाचून म्हणतील की आम्ही लांबून येतो, भाडं भरतो, लॉजचा खर्च, शंभर माणसं हाताळून जातात आणि दोन घेतात, चोऱ्या पण होतात. खरं आहे, चोऱ्या होतात, माझ्यासमोर एका मुलाने नाणं खिशात टाकलेलं मी बघितलंय आणि परत ठेवायला लावलंय. नाण्याला हात लावू देताना काळजी घ्या, एकेकाला बसवा, पण बघूच द्यायचं नाही आणि पैसे मात्र पूर्ण घ्यायचे हे चालणार नाही. कापडाच्या दुकानात सुद्धा पदर उलगडून दाखवतात.

लेकीने ती शिवराई टाकून दिली नाही. एका पाकिटात घातली, वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ओतीव, पुणे प्रदर्शन, 1500 रु.', आणि अल्बमच्या शेवटच्या पानात ठेवली. शिवराईची जागा पहिल्या पानावर आहे ती अजून रिकामी आहे. सरांनी तिला त्यांच्याकडची एक देऊ केली, तिने घेतली नाही, म्हणाली मी विकतच घेणार. कोल्हापूरच्या काकांचा पत्ता आमच्याकडे त्या साठ रुपयांच्या बिलावर आहे, मे महिन्यात सुट्टी लागली की जाऊन येणार आहोत, त्या दोन झिजलेल्या शिवरायांपैकी एखादी अजून असली तर.

ताटाचा फोटो आणि आमची शिवराई दोन्ही माझ्याकडे जपून ठेवलंय. पुढच्या प्रदर्शनाच्या आयोजकांपैकी कुणाला बघायचं असेल तर माझा फोन नंबर आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या कागदावर दिला आहे, तो त्यांना द्यायला माझी हरकत नाही. ज्यांच्याकडे अशीच 'शिव' अर्धं कापलेली आणि डाव्या काठाला खोच असलेली शिवराई आहे त्यांनी पण ती भिंगाखाली बघून घ्यावी, त्या ताटात अशा आणखी चार होत्या.

आपली,
एक वाचक व नाणेसंग्राहक, सातारा